कारण अज्ञात : मृतजन्मांची कारणमीमांसा आणि वर्गवारी

कंधार तालुक्यातल्या एखाद्या गावी दिवस भरत आलेल्या सुनेचे मूल मेलेले उपजले म्हणजे दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या सासूच्या, आईच्या आणि सोबत आलेल्या शेजारणीच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : ‘परवापर्यंत तर चांगलं हालत होतं, मग लेकराला झालं तरी काय?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही असे नाही. ते बहुधा डॉक्टरांकडून मिळत नाही, इतकेच. ग्रहण पाळले नाही, पपई खाल्ली, भरल्या दिवसांत हापशावरून घागरी वाहिल्या, अशी उत्तरे गाव आपल्या पदरची देते, आणि त्यांतले प्रत्येक उत्तर जिच्याकडे बोट दाखविते ती बाई त्या वेळी आतल्या खाटेवर कूस बदलून पडलेली असते. गावाच्या अज्ञानास नावे ठेवणे सोपे आहे. परंतु सरकारी दफ्तरातला कारणाचा रकाना जेथे कोरा राहतो तेथे लोक आपल्या समजुतीने तो भरतात, हा मनुष्यस्वभाव आहे. तो रकाना नीट भरावयाचा तर कोणत्या क्रमाने विचार करावा लागतो, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

१. हद्द कोठे आखावी

कारणाचा विचार करण्यापूर्वी घटना कोणती हे ठरले पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला तर त्यास आपण गर्भपात म्हणतो. आणि जन्मल्यानंतर मुलाने एक श्वास जरी घेतला, तरी ते मूल कायद्याच्या दृष्टीने जिवंत जन्मले आणि मागाहून मृत्यू पावले असे ठरते. या दोन हद्दींमधला जो टापू, तो मृतजन्माचा होय. पहिली हद्द देशोदेशी निराळी आहे : इंग्लंडात २४ आठवडे, अमेरिकेत बहुतेक राज्यांत २०, आणि देशादेशांची तुलना करता यावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २८ आठवडे ही मर्यादा धरली आहे. भारतात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या नियमांतही हीच २८ आठवड्यांची मर्यादा असून, जन्मासाठी नमुना १, मृत्यूसाठी नमुना २ आणि मृतजन्मासाठी नमुना ३ असे तीन स्वतंत्र कागद आहेत. मुदत २१ दिवसांची. मृतजन्माला स्वतंत्र नमुना आहे ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांच्याही कानावर नसते.

आठवडे मोजावयाचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. एखादीची पाळी १ जून रोजी आली असेल तर तिचे २८ आठवडे १४ डिसेंबरला पुरे होतात. परंतु बालाघाटाच्या डोंगरातल्या तांड्यावरची बाई १ जून ही तारीख सांगत नाही. ‘वटपौर्णिमेच्या आधी’ किंवा ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असे सांगते, आणि नर्सबाईला कॅलेंडर पुढे ओढून त्या सणाची तारीख काढावी लागते. यात पंधरा दिवसांची तफावत पडली तर २७ आठवड्यांचा गर्भपात २९ आठवड्यांचा मृतजन्म होऊन बसतो, किंवा उलट. म्हणून अनुभवी नर्सबाई सणाच्या बरोबरीने मूल प्रथम हालल्याचा महिना आणि सोनोग्राफीचा कागदही विचारून घेते.

दुसरी हद्द, म्हणजे श्वासाची, दिसावयास सोपी वाटते. पण मोठमोठ्या आकड्यांची फसवणूक तेथेच झालेली आहे. जन्मतः निपचित पडलेले, निळसर, न रडलेले मूल मेलेलेच असते असे नाही. पुष्कळदा त्याच्या हृदयाचे ठोके मंदगतीने चालू असतात आणि पाठ चोळली, तोंडावर मुखवटा धरून पिशवीने हवा दिली, तर ते श्वास घेऊ लागते. आपल्या सीमेवरचा बेळगाव जिल्हा ज्यात सामील होता अशा सहा देशांतल्या एका प्रयोगात प्रसूती करणाऱ्यांना नवजात शिशूच्या पहिल्या मिनिटांच्या शुश्रूषेचे शिक्षण देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हजार जन्मांमागे मृतजन्मांचे प्रमाण २३ वरून सुमारे १६ वर उतरलेले आढळले. गर्भात मेलेले मूल शिक्षणाने जिवंत होत नाही. तेव्हा या सात मुलांतली बरीचशी मुळात मेलेली नव्हतीच, त्यांना तसे समजले गेले होते, हा अर्थ उघड आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते २००३ या काळात ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना घरोघरच्या नवजात-शुश्रूषेचे शिक्षण दिले, त्या क्षेत्रातही मृतजन्मांचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. तेव्हा कारण शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न असा असावा लागतो : मूल खरोखर मृत जन्मले होते काय, आणि हे कोणी, काय पाहून ठरविले?

२. वेळ आधी, कारण मागाहून

मूल खरोखर मृत जन्मले हे ठरल्यावर दुसरा प्रश्न वेळेचा : ते कळा सुरू होण्यापूर्वीच दगावले होते, की कळा चालू असताना? या एका प्रश्नावर पुढची सारी वर्गवारी उभी आहे. कळांपूर्वी मेलेल्या मुलाचे कारण गरोदरपणाच्या महिन्यांत शोधावे लागते : रक्तदाब, मधुमेह, संसर्ग, वाढ खुंटणे, जन्मजात व्यंग. कळांच्या काळात मेलेल्या मुलाचे कारण बहुधा त्या दहा-बारा तासांत असते, आणि तेथे दवाखान्याची व्यवस्था, वाट पाहण्यात गेलेला वेळ व रस्ता ही सारी साक्षीला उभी राहतात. जगातल्या मृतजन्मांपैकी सुमारे चार-दशांश कळांच्या काळात होतात; श्रीमंत देशांत हा वाटा अत्यल्प आहे. यावरून हे मृत्यू पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे आहेत, हे निराळे सांगावयास नको.

वेळ ठरविण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे बाई दवाखान्यात दाखल होताच ऐकलेले बाळाचे ठोके. मिनिटाला ११० ते १६० हे त्यांचे साधारण प्रमाण. दाखल होताना ठोके ऐकू आले अशी वेळेसह नोंद असेल, आणि पुढे दर अर्ध्या तासाला ते मोजून तक्त्यावर मांडले असतील, तर मूल केव्हा गेले याविषयी वाद राहत नाही. ही नोंद नसेल तेव्हा मुलाच्या त्वचेकडे पाहतात. गर्भजलात मृतावस्थेत राहिलेल्या मुलाची त्वचा सुमारे सहा तासांनंतर सैल होऊन सुटू लागते आणि नाळेचा रंग तांबूस-तपकिरी होतो. त्वचा अखंड असेल तर मृत्यू ताजा, बहुधा कळांमधला, असे अनुमान निघते. परंतु हे अनुमानच आहे. पेठवडजकडच्या एखाद्या वाडीवर पहाटे कळा लागलेली बाई दुपारी कंधारला येऊन तेथून पन्नासएक किलोमीटरवरच्या नांदेडला पाठविली गेली आणि रात्री विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोकळी झाली, तर सकाळी कळांमध्ये दगावलेल्या तिच्या मुलाची त्वचाही रात्रीपर्यंत सुटलेली असू शकते; आणि केवळ त्वचेवरून शेरा मारणारा ‘कळांपूर्वीच मृत’ असे लिहून मधल्या सर्व मुक्कामांची जबाबदारी नकळत पुसून टाकतो.

३. ‘गुदमरले’ हे कारण नव्हे

नोंदवहीत सर्वांत अधिक वेळा आढळणारा शब्द म्हणजे ‘गुदमरून’. आता, विहिरीवरची मोटार जळाली आणि दुरुस्तीवाल्याने चिठ्ठीवर ‘मोटार जळाली’ एवढेच लिहून दिले, तर शेतकरी ती चिठ्ठी त्याच्या तोंडावर फेकील. कारण मोटार जळाली हे त्यालाही दिसते आहे. त्याला हवे असते ते निराळे : व्होल्टेज कमी होते, की विहिरीचे पाणी तळाला जाऊन मोटार कोरडीच फिरत राहिली, की बेअरिंग आधीपासून जाम होते? पुढच्या वेळी काय करावयाचे ते या उत्तरावर ठरते. प्राणवायूचा पुरवठा तुटणे हा बहुसंख्य मृतजन्मांतला शेवटचा टप्पा असतो. कर्नाटकातील दावणगेरे आणि पाकिस्तानातील कराची येथे झालेल्या एका बारकाईच्या अभ्यासातही बहुतेक मुलांच्या मृत्यूचे अंतिम कारण गर्भाशयातला प्राणवायूचा तुटवडाच ठरले. परंतु तो पुरवठा का तुटला? आईचा रक्तदाब वाढून वारेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, की वार वेळेआधीच गर्भाशयापासून सुटून मागे रक्त साचले, की पाणमोट फुटताच नाळ खाली घसरून मुलाच्या डोक्याखाली दबली, की मूल आडवे असल्यामुळे बाई अडून राहिली? कारण म्हणावयाचे ते हेच, आणि ते बहुधा एकटे नसून साखळीने येते.

४. वर्ग पाडणाऱ्यांचे मतभेद

ही साखळी कोणत्या कडीला धरावी, याविषयी गेली सत्तर वर्षे तज्ज्ञांत एकमत नाही. स्कॉटलंडातील ॲबरडीनचे प्रसूतितज्ज्ञ डुगल्ड बेअर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ साली जी वर्गवारी मांडली तिच्यात साखळीची पहिली कडी, म्हणजे आईच्या बाजूची घटना, प्रमाण मानली होती. उलट जोनाथन विगल्सवर्थ या विकृतिशास्त्रज्ञाने १९८० साली शवविच्छेदनाची सोय नसली तरीही चालेल अशी पाच कप्प्यांची सुटसुटीत वर्गवारी दिली, ती मुलाच्या देहाकडे पाहून : त्वचा सुटलेले पण निर्व्यंग मूल, जन्मजात व्यंग असलेले, अपुऱ्या दिवसांचे, कळांमध्ये गुदमरलेले, आणि इतर विशिष्ट विकार असलेले. सोयीमुळे ती जगभर पसरली. पण तिचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठी अडगळीची खोली होती. कारण न कळलेली बहुतेक मुले तेथेच जाऊन पडत.

किती पडत, हे इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी २००५ साली दाखविले. त्यांनी सव्वीसशेंवर मृतजन्मांचे तेच कागद घेऊन दोन पद्धतींनी लावले. विगल्सवर्थच्या पद्धतीने सुमारे ६६ टक्के मृत्यू अकारण ठरले. ‘मृत्यूच्या वेळी कोणती प्रतिकूल अवस्था हजर होती’ असा प्रश्न विचारणाऱ्या त्यांच्या नव्या पद्धतीने अकारण राहिले ते केवळ १५ टक्के. मुले तीच, कागद तेच. फरक पडला तो मुख्यतः एका गोष्टीने : मुलाचे वजन त्याच्या आठवड्यांच्या मानाने कमी आहे काय, हे नव्या पद्धतीत पाहिले होते, आणि वाढ खुंटलेल्या मुलांचा सर्वांत मोठा गट तोपर्यंत डोळ्यांआड राहिला होता. आमच्या समजुतीप्रमाणे या विषयातला सर्वांत शिकण्याजोगा धडा हाच आहे, कारण वजनाचा काटा कंधारच्या ग्रामीण रुग्णालयातही आहे आणि कुरुळ्यासारख्या गावच्या दवाखान्यातही असतो. मेलेल्या मुलाला त्यावर ठेवावयाचे कोणाच्या मनात येत नाही, एवढीच अडचण. पुढे पुढे तर २००९ ते २०१४ या सहा वर्षांत जगात अशा ८१ वर्गवाऱ्या वापरात किंवा नव्याने मांडलेल्या आढळल्या. एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहणे त्यामुळे व्यर्थ झाले.

५. दोन रकाने

या गोंधळातून वाट काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली एक सामाईक पद्धती घालून दिली. तिचे सार थोडक्यात असे : प्रथम वेळ लिहा, मग मुलाकडचे कारण लिहा, आणि त्याच्या शेजारी आईकडची अवस्था अवश्य लिहा, ती निरोगी असेल तर तसेही लिहा. आईच्या रकान्यात पाच प्रकार आहेत : वार, नाळ व पाणमोटेचे बिघाड, गरोदरपणाची गुंतागुंत, कळा व प्रसूती यांतली गुंतागुंत, आईचे स्वतःचे आजार, ज्यांत रक्तदाब आणि मधुमेह येतात, आणि पाचवा, आईत काही दोष आढळला नाही. दोन उदाहरणे घेऊन पाहू.

समजा, पहिलटकरीण, ३६ आठवडे. तीन आठवड्यांपासून पाय सुजलेले, डोके ठणकते आहे, ‘गरोदरपणात सूज यायचीच’ म्हणून घरी बसलेली. दाखल होताना रक्तदाब १६०/११०, लघवीत प्रथिने, बाळाचे ठोके नाहीत. मूल १६०० ग्रॅमचे, त्वचा सुटलेली. ३६ आठवड्यांना हे वजन फारच थोडे आहे. तेव्हा वेळ : कळांपूर्वी. मूल : वाढ खुंटलेले. आई : गरोदरपणातील उच्च रक्तदाब. आता ‘पोटातच गेले’ या दोन शब्दांच्या जागी एक वाचता येण्याजोगी हकिकत आली, आणि रक्तदाब मोजण्याची संधी कोणत्या महिन्यात हुकली हेही तीत दिसू लागले.

दुसरी : तिसरे बाळंतपण, दिवस पुरे. दाखल होताना ठोके १४०, मूल आडवे, शस्त्रक्रियेची सोय नाही म्हणून पुढे रवाना, पोहोचेपर्यंत ठोके थांबलेले. मूल ३००० ग्रॅमचे, त्वचा अखंड, व्यंग नाही. वेळ : कळांमध्ये. मूल : कळांतील प्राणवायूचा तीव्र तुटवडा. आई : प्रसूतीतील अडथळा. या बाईच्या शरीरात कोणताही आजार नव्हता. तिला एक शस्त्रक्रियागृह वेळेवर मिळाले नाही.

६. वार कोठे गेली

पुरावा गोळा करावयाचा तर कोणता? शवविच्छेदन हे नाव काढताच नातेवाईक उठून जातात, आणि त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. सुदैवाने सर्वांत उपयोगी साक्षीदार दुसराच आहे. अमेरिकेत पाचशेंवर मृतजन्मांची सर्वांगीण तपासणी झाली तीत कोणत्या चाचणीने किती प्रकरणांत मदत झाली ते पुढे पडताळले, तेव्हा वारेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी ६५ टक्के प्रकरणांत उपयोगी ठरली, शवविच्छेदन ४२ टक्क्यांत, आणि गुणसूत्रांची महागडी चाचणी केवळ १२ टक्क्यांत. आपल्याकडे घरी बाळंतपण झाले तर वार परसात खड्डा करून पुरतात, दवाखान्यात झाले तर ती पिवळ्या पिशवीतून निघून जाते; दोन्हीकडे ती जाण्याची घाई मात्र सारखीच.

सूक्ष्मदर्शक नसला तरी डोळे आहेत. चांगली वार सुमारे अर्धा किलो भरते. तिच्या गर्भाशयाकडच्या बाजूला घट्ट, काळपट रक्ताची गाठ चिकटून तेथे खळगा पडलेला असेल तर वार आधीच सुटली होती हे समजते. मुलाच्या मानाने वार फार मोठी व फिकट असेल तर उपदंशाची शंका घेऊन आईच्या रक्ताची तपासणी करावी. हा रोग पेनिसिलिनच्या सुईने बरा होतो आणि नवऱ्यालाही ती द्यावी लागते. पाणमोटेला दुर्गंधी असेल तर संसर्ग. मूल सव्वाचार किलोचे असेल तर आईची साखर. हे पाहावयास पाच मिनिटे लागतात.

नाळेविषयी मात्र सावधगिरी पाहिजे. ‘गळ्याला नाळेचा वेढा होता’ एवढे दिसले की शोध थांबतो. वास्तविक जिवंत, धडधाकट जन्मणाऱ्या दर चार-पाच मुलांत एकाच्या गळ्याला वेढा असतोच. वेढा घट्ट होता काय, नाळेवर करकोचा उमटला होता काय, दुसरे कारण नव्हते काय, हे पाहिल्यावाचून नाळेला आरोपी करणे म्हणजे घटनास्थळी हजर असलेल्या पहिल्या इसमास धरून तपास बंद करण्यासारखे आहे.

घरी झालेल्या बाळंतपणात जबानीवर भिस्त ठेवावी लागते. मूल शेवटचे केव्हा हालले, पाणी कोणत्या रंगाचे होते, रक्त गेले काय, झटके आले काय, ताप होता काय, जन्मल्यावर हात-पाय थोडेही हालले काय, असे प्रश्न घटनेनंतर काही आठवड्यांनी, शक्यतो बाईला एकटीला, विचारतात. सासूसमोर दिलेली जबानी आणि सासूमागे दिलेली जबानी यांत पुष्कळ अंतर पडते, हे प्रत्येक आशाताईला ठाऊक असते. नात्यातल्या लग्नाचा प्रश्नही येथेच विचारावा लागतो. मामाशी किंवा मामेभावाशी लग्न मराठवाड्यात परके नाही, आणि मागेही व्यंग असलेले मूल जन्मले असेल तर ते कारणाच्या शोधात महत्त्वाचे ठरते.

७. न सापडलेले आणि न शोधलेले

आता तिसरे उदाहरण, जे आपल्या भागाचे खास आहे. कंधार, लोहा, मुखेड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली ऊसतोड जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. समजा, त्यातली एक बाई चौथ्या महिन्यात गेली आणि नववा लागल्यावर, मूल दोन दिवस हालत नाही म्हणून, परत आली. माता-बाल संरक्षण कार्ड कोपीतच राहिले किंवा भिजले. मधल्या पाच महिन्यांतला रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर यांपैकी काहीच माहीत नाही. मूल मृत, त्वचा सुटलेली. वजन केले नाही. वार टाकून दिली. वेळेच्या रकान्यात ‘कळांपूर्वी’, मुलाच्या रकान्यात ‘कारण अनिर्दिष्ट’, आईच्या रकान्यात ‘काही आढळले नाही’.

हा शेवटचा शेरा कागदावर निर्दोष दिसतो, पण तो खरा नाही. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात सर्व चाचण्या करूनही जवळजवळ चौथा हिस्सा मृतजन्मांचे कारण हाती लागले नाही. त्या स्त्रियांबाबत ‘आढळले नाही’ हे शब्द एका कसून केलेल्या तपासाचा निष्कर्ष आहेत. ऊसतोडीहून आलेल्या बाईबाबत तेच शब्द तपास झालाच नाही एवढेच सांगतात. दोघींना एकाच कप्प्यात घालणारी वर्गवारी कितीही शास्त्रशुद्ध असली तरी राज्यकारभाराला दिशा दाखवू शकत नाही, कारण पहिल्या प्रकारच्या अज्ञानाला संशोधन पाहिजे आणि दुसऱ्याला काटा, पट्टा आणि एक पेन. २०१९ साली भारतात सुमारे ३ लाख ४० हजार मृतजन्म झाले असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत हे प्रमाण हजारी दहाच्या आत आणण्याचे ठरविले, आणि २०१६ साली निवडक रुग्णालयांतून मृतजन्मांवर पाळत ठेवण्याची मार्गदर्शिकाही निघाली. आमचे म्हणणे असे की, नमुना ३ मधील कारणाच्या रकान्याखाली आणखी एक छोटा रकाना असावा : काय काय तपासले? आईचा रक्तदाब, साखर, उपदंश, हिमोग्लोबिन, मुलाचे वजन, वार पाहिली किंवा नाही. प्रत्येकापुढे होय अथवा नाही.

या उत्तरांचा उपयोग सरकारपेक्षाही त्या बाईला अधिक आहे. पहिल्या उदाहरणातली पहिलटकरीण पुन्हा गरोदर राहील तेव्हा ‘रक्तदाब, वाढ खुंटलेली’ हे तीन शब्द तिच्या कागदावर असतील, तर बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू करता येते, पोटाची उंची दर खेपेस पट्ट्याने मोजून वाढ मंदावली तर वेळीच ओळखता येते, आणि रक्तदाबाची तपासणी जवळजवळच्या अंतराने ठेवता येते. सव्वाचार किलोच्या मुलाची आई असेल तर पहिल्याच खेपेस ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहावी. १४० किंवा त्याहून अधिक भरली तर उपचार तेव्हाच सुरू होतात. आडव्या मुलाच्या आईला शेवटच्या महिन्यात मुलाची स्थिती तपासून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणाजवळ कळांपूर्वीच राहावयास सांगता येते. आणि जिच्या कागदावर काहीच लिहिलेले नाही, तिच्या या सर्व चाचण्या पहिल्या भेटीपासून, म्हणजे मुकादमाची उचल घेण्यापूर्वी, कराव्या लागतात.